परतीचं भाषांतर

शुक्रवारी सारनाथचं संग्रहालय बंद असतं, हे रिक्षावाल्यानं मला पांडेपूर ओलांडल्यावर सांगितलं. आधी का नाही सांगितलंत म्हणून विचारलं, तर म्हणाला, तुम्ही सारनाथ म्हणालात, संग्रहालय कुठे म्हणालात? मुद्दा बरोबर होता. अशोकाचे चार सिंह आणि उपदेश करणारा गुप्तकाळातला बुद्ध मी पूर्वी एकदा पाहिले होते, त्यामुळे परत फिरण्यापेक्षा म्हटलं, चला तसंच पुढे.

उतरल्यावर आधी दिसली ती हरणं. खरी नव्हेत, तिबेटी विहाराच्या छपरावरची, सोनेरी. मधे चक्र आणि दोन्ही बाजूंना माना वर करून बसलेली दोन हरणं. ल्हासापासून लडाखपर्यंत आणि कर्नाटकातल्या बैलकुप्प्याच्या वसाहतीपर्यंत तिबेटी विहारांच्या दर्शनी छपरावर ही जोडी असते. हरणं का, तर बुद्धानं पहिला उपदेश केला तो मृगदावात, म्हणजे हरणांच्या वनात, म्हणजे इथे. सारनाथची खूण म्हणून ही हरणं हिमालय ओलांडून गेली, हजार-बाराशे वर्षं तिकडच्या छपरांवर राहिली आणि १९५९ नंतर निर्वासितांबरोबर परत सारनाथला येऊन बसली. ज्या जागेची ती खूण होती, त्याच जागेवर आता ती खूण म्हणून बसली आहेत. मी भाषांतरकार आहे, त्यामुळे असं काही दिसलं की माझे पाय तिथे थबकतात.

थबकण्याला आणखी एक कारण होतं, ते आधीच सांगून टाकते. मी काशीला आले होते ती एका हरवलेल्या वहीमुळे. माझ्या आईची आत्या, आमची आत्याआजी, तरुणपणी विधवा झाली आणि पुढे बरीच वर्षं काशीत दुर्गाघाटाजवळ राहिली. म्हातारपणी परत आल्यावर तिनं त्या दिवसांच्या आठवणी एका दोनशेपानी वहीत लिहिल्या. २००३ साली, तुलनात्मक साहित्यात एम.ए. करताना, भाषांतराच्या प्रकल्पासाठी मी त्या वहीतल्या निम्म्याअधिक मजकुराचं इंग्रजी केलं. नंतर घर बदलताना वही रद्दीत गेली. माझ्याच हातून. आत्याआजीही राहिली नाही. आता उरलं आहे ते माझं इंग्रजी भाषांतर, सत्तावन्न टंकलिखित पानं. माझ्या मावसबहिणीचं म्हणणं, तू भाषांतरकार ना, मग कर ते परत मराठीत. चार वर्षं मी ते टाळत होते. दुर्गाघाट पाहून काही आठवेल, अशी वेडी आशा धरून आले होते. काही आठवलं नव्हतं.

तर त्या शुक्रवारी, दगडांचं संग्रहालय बंद म्हणून, मी पायी निघाले ती केंद्रीय उच्च तिब्बती शिक्षा संस्थानाकडे आणि तिथल्या शांतरक्षित ग्रंथालयात.

या संस्थेचा जन्म नेहरू आणि दलाई लामा यांच्यातल्या बोलण्यातून झाला. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो माणसं आली. त्यांत भिक्षू होते, विद्वान होते, आणि ज्यांना जे उचलता आलं ते पाठीवर बांधून आणलेल्या पोथ्या होत्या. निर्वासितांसाठी वसाहती, शाळा हे सगळं झालंच, पण उच्च शिक्षणाचं काय, विहारांतली वीस-वीस वर्षांची शिक्षणपरंपरा कुठे चालवायची, हा प्रश्न होता. १९६७ साली वाराणसीच्या संस्कृत विश्वविद्यालयाची शाखा म्हणून ही संस्था सुरू झाली. १९७७ मध्ये ती स्वायत्त झाली, १९८८ मध्ये अभिमत विद्यापीठ. १९७१ पासून जवळजवळ तीस वर्षं सामदोंग रिंपोछे तिचे प्रमुख होते. संस्कृत विश्वविद्यालयाशी असलेला तो सुरुवातीचा संबंध मला महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीच्या किंवा इतिहासाच्या विभागाला न जोडता हे रोप संस्कृत पंडितांच्या शेजारी लावलं गेलं, आणि त्यामुळे संस्थेच्या उद्दिष्टांत एक फार वेगळी गोष्ट आली: ज्या भारतीय ग्रंथांचं मूळ संस्कृत हरवलं आहे आणि जे फक्त तिबेटी भाषांतरात उरले आहेत, ते परत संस्कृतात आणायचे. त्यासाठी इथे स्वतंत्र पुनरुद्धार विभाग आहे. भाषांतराचे विभाग जगात पुष्कळ आहेत. उलट दिशेनं चालणारा विभाग मी दुसरा पाहिलेला नाही.

ग्रंथालय शांतरक्षितांच्या नावाचं आहे. आठव्या शतकातले नालंदेचे हे आचार्य, राजा ट्रिसोंग देत्सेनच्या बोलावण्यावरून तिबेटात गेले, साम्ये विहाराच्या स्थापनेत होते आणि पहिल्या सात तिबेटी भिक्षूंना दीक्षा त्यांनीच दिली. त्यांच्या ‘तत्त्वसंग्रह’ या मोठ्या ग्रंथाचं संस्कृत मूळ मात्र हरवलं नाही. ते बौद्धांनी नाही, जैनांनी सांभाळलं, आणि जैन ग्रंथभांडारातल्या पोथीवरून १९२६ मध्ये सयाजीरावांच्या बडोद्यात गायकवाड प्राच्यग्रंथमालेत छापलं गेलं. ज्या ग्रंथात जैन मतांचंही खंडन आहे, तो जैनांच्या कपाटात सातशे-आठशे वर्षं सुखरूप राहिला, हे वाचून मला दर वेळी बरं वाटतं.

ग्रंथालयात मला एका किन्नौरच्या विद्यार्थ्यानं पोथ्या दाखवल्या. (हिमालयाच्या सीमेवरच्या मुलांना शिक्षण देणं हेही या संस्थेच्या उद्दिष्टांत आहे. लडाख, स्पिती, किन्नौर, अरुणाचल, अशी मुलं तिथे असतात.) पोथ्या कापडात गुंडाळून, लाकडी फळ्यांत दाबून, आडव्या रचलेल्या. त्यानं एक सोडली. लांब, अरुंद, सुटी पानं.

“आकार पाहिलात?” तो हिंदीत म्हणाला. “तिबेटात ताडाचं झाड नाही. कागद आहे. कागद हवा तसा कापता येतो. तरी ताडपत्रासारखाच कापला.”

मी म्हटलं, म्हणजे आकाराचंही भाषांतर. तो हसला. जुन्या तिबेटी हस्तलिखितांत, तो म्हणाला, कधी कधी पानावर दोन गोल काढलेले दिसतात. ताडपत्रं दोरीत ओवण्यासाठी जी भोकं असत, त्यांची ती जागा. दोरी ओवायची नव्हती, तरी भोकाची जागा राखून मजकूर तिला वळसा घालून लिहिलेला. हे ऐकताना मला माझी सत्तावन्न पानं आठवली. त्यांत मी एकही भोक ठेवलं नव्हतं.

मग त्यानं पहिल्या पानावरची पहिली ओळ बोटानं दाखवली. तिबेटी त्रिपिटकातल्या भाषांतरित ग्रंथांची सुरुवात ठरलेल्या पद्धतीनं होते. आधी ‘ग्यागर के दु’, म्हणजे ‘भारताच्या भाषेत’, आणि पुढे संस्कृत नाव, तिबेटी अक्षरांत, जसंच्या तसं. मग ‘भोटभाषेत’ म्हणून त्याचं तिबेटी नाव. म्हणजे वाचक ग्रंथात शिरण्याआधीच त्याला सांगितलं जातं: हे आमचं नाही, दुसरीकडून आलं आहे, तिथलं नाव हे. आणि शेवटी पुष्पिकेत बहुतेक वेळा दोन नावं. एक भारतीय पंडिताचं, एक तिबेटी लोत्सावाचं. लोत्सावा म्हणजे भाषांतरकार. भाषांतर एकट्यानं करायचं नाही, ज्याची भाषा आहे तो आणि ज्याच्या भाषेत आणायचं तो, दोघांनी समोरासमोर बसून करायचं, अशी ती रीत. नंतर कुणी दुरुस्ती केली तर त्या जोडीचंही नाव. आपल्याकडे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर भाषांतरकाराचं नाव यावं म्हणून अजून पत्रं लिहावी लागतात, हा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही.

ही शिस्त आपोआप आली नव्हती. पहिल्या पिढ्यांची भाषांतरं ज्यानं त्यानं आपापल्या समजुतीनं केलेली होती, एकाच संस्कृत शब्दाला पाच ठिकाणी पाच शब्द. नवव्या शतकाच्या सुरुवातीला राजाज्ञेनं पंडित आणि लोत्सावा एकत्र बसले आणि दोन गोष्टी तयार झाल्या. एक ‘महाव्युत्पत्ती’, साडेनऊ हजारांच्या आसपास संस्कृत शब्द आणि त्यांचे ठरवून दिलेले तिबेटी प्रतिशब्द. दुसरी, भाषांतराचे नियम आणि निवडक शब्दांची चर्चा असलेली दोन भागांची टीका. जगात इतक्या लवकर राज्यानं भाषांतराची परिभाषा ठरवून दिल्याची उदाहरणं फारशी नाहीत.

त्यांनी शब्द केले तेही ऐकण्यासारखे आहेत. ‘बुद्ध’ला ‘सांग्ये’. ‘सांग’ म्हणजे मळ निघून गेलेला, जागा झालेला, आणि ‘ग्ये’ म्हणजे विस्तारलेला, फुललेला. ‘बुध्’ धातूचे जाणणं, जागणं आणि उमलणं असे अर्थ त्यांनी एका जोडशब्दात बसवले. ‘अर्हत्’ला त्यांनी ‘शत्रूचा पाडाव केलेला’ असा शब्द केला, कारण पंडितांनी त्याची फोड ‘अरि’ आणि ‘हन्’ अशी सांगितली होती. आजचा व्याकरणकार ती फोड मानणार नाही, तो ‘अर्ह्’, म्हणजे योग्य असणं, या धातूकडे बोट दाखवेल. पण पंडितानं दिलेली व्युत्पत्ती तिबेटी शब्दात गोठून राहिली, आणि त्यामुळे नवव्या शतकातला भारतीय आचार्य हा शब्द कसा समजावून सांगत होता, ते आपल्याला आज कळतं. विशेषनामंही त्यांनी सोडली नाहीत. विमलकीर्ती हा ‘द्रिमे द्राक्पा’ झाला, मळ नसलेली कीर्ती. (शेक्सपिअरला आपण ‘भालेहलवे’ म्हटलं असतं तर, तसं.) तरीही वाचकाला मूळ नाव हवं असेल तर ते पहिल्या ओळीत आहेच.

आणि एक नियम. देशाचं, झाडाचं, फुलाचं नाव असेल, त्याला आपल्या भाषेत शब्द नसेल आणि ओढूनताणून केला तर घोटाळा होणार असेल, तर मूळ शब्द तसाच ठेवावा आणि त्याआधी ‘देश’, ‘फूल’ असं काय ते लिहावं. म्हणून तिबेटीत ‘मेतोक उत्पल’ येतं. मेतोक म्हणजे फूल. उत्पल कसं असतं हे तिबेटातल्या वाचकाला माहीत असण्याचं कारण नाही, पण ते फूल आहे एवढं कळतं, आणि कुठलं फूल हे हरवत नाही.

या नियमाशी मी बराच वेळ अडले. एम.ए.च्या वेळी आम्हांला याच्या नेमकं उलट शिकवलं होतं. मूळ शब्द तिरक्या अक्षरांत तसाच ठेवणं हा आळस, परदेशी वाचकाला दाखवायचा रंगीबेरंगीपणा, असं आमचे एक शिक्षक म्हणत, आणि ते म्हणत होते त्यात तथ्यही होतं. मी आज्ञाधारक विद्यार्थिनी. माझ्या इंग्रजीत एकही मराठी शब्द नाही. आत्याआजी काशीत आपली शिल्लक कशात ठेवायची, त्याबद्दल वहीत चार ओळी होत्या. माझ्या इंग्रजीत तिथे आहे ‘स्मॉल ब्रास पॉट’. पितळेचा लहान... पुढे काय? तांब्या? गडू? लोटी? चरवी? फुलपात्र? डबी? प्रत्येक शब्दाबरोबर वेगळी बाई उभी राहते. गडू म्हणणारी वेगळी, चरवी म्हणणारी वेगळी.

पुनरुद्धाराचं काम करणाऱ्यांची अडचण हीच, फक्त कितीतरी मोठी. महाव्युत्पत्तीमुळे तिबेटीतून संस्कृताकडे जाणं बरंच नियमबद्ध झालं हे खरं. जे. एस. नेगी यांचा भोट-संस्कृत कोश याच संस्थेनं १९९३ ते २००५ या काळात सोळा खंडांत काढला, ते त्याच वाटेवरचे मैलाचे दगड. पण कोश परिभाषा देतो, वाक्य देत नाही. छंद देत नाही. लेखकाची खोड देत नाही. शिवाय मोहाचा प्रश्न असतो.

अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’चं पाहा. अठ्ठावीस सर्गांचं महाकाव्य. तिबेटी आणि चिनी भाषांतरांत सगळे अठ्ठावीस आहेत. संस्कृतात जेमतेम चौदा उरले, तेही चौदावा अपुरा. १८३० साली काठमांडूत अमृतानंद नावाचे पंडित त्याची नक्कल करत होते. पुढचा भाग त्यांनी शोध शोध शोधला, मिळाला नाही. बुद्धाचं चरित्र बुद्धाला बोधी मिळण्याच्या सुमारास तुटतं, हे त्यांना बघवलं नसावं. त्यांनी सतराव्या सर्गापर्यंतचा भाग स्वतः रचून जोडला. मात्र शेवटी लिहून ठेवलं, की सर्वत्र शोधूनही न मिळाल्यानं हे चार सर्ग मी केले आहेत. पुढे केंब्रिजच्या कॉवेल यांनी १८९३ मध्ये काव्य छापलं तेव्हा ते सतरा सर्गांचं छापलं, आणि अमृतानंदांच्या त्या एका टिपणीमुळेच कुठे अश्वघोष संपतो आणि कुठे अमृतानंद सुरू होतात हे सांगता आलं. मला अमृतानंद आवडतात. मोहाला बळी पडले, पण तारीख घालून, सही करून.

काशीपुरती सर्वांत विलक्षण कथा राहुल सांकृत्यायनांची आहे. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चं संस्कृत मूळ तेव्हा हरवलेलं होतं. बेल्जियन विद्वान ला वाले पूसँ यांनी चिनी आणि तिबेटीवरून त्याचं प्रचंड फ्रेंच भाषांतर केलं आणि जमतील तितक्या कारिका संस्कृतात परत बांधल्या. त्या आधारावर राहुलजींनी स्वतःची संस्कृत टीका जोडून १९३१ मध्ये काशी विद्यापीठातून अभिधर्मकोश प्रसिद्ध केला. म्हणजे तोवर हाती होतं ते परतीचं भाषांतर. राहुलजींची पहिली तिबेटयात्रा १९२९-३० ची, त्यानंतर १९३४, १९३६ आणि १९३८ मध्ये ते पुन्हा गेले. शालू, साक्य, न्गोर अशा विहारांत, धुळीनं भरलेल्या खोल्यांत त्यांनी शेकडो वर्षं कुणी न उघडलेली संस्कृत ताडपत्रं शोधली, काहींच्या हातानं नकला केल्या, काहींचे फोटो काढले. न्गोरमध्ये त्यांना अभिधर्मकोशाचं मूळ सापडलं. आपणच काही वर्षांपूर्वी ज्याची पुनर्रचना छापली, त्याचं मूळ समोर ठेवलेलं पाहताना माणसाला काय वाटत असेल? त्यांनी तिबेटातून आणलेल्या पोथ्या आणि थांगका पुढे पाटण्याच्या संग्रहालयात गेल्या.

आणि इथे आपली माणसं येतात. त्या न्गोरच्या फोटोंवरून अभिधर्मकोशाच्या मूळ कारिका वाचून छापल्या त्या फर्ग्युसन कॉलेजच्या वासुदेव विश्वनाथ गोखल्यांनी, १९४६ मध्ये, मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. पूर्ण भाष्य प्रह्लाद प्रधानांच्या संपादनात पाटण्याहून आलं १९६७ मध्ये, सारनाथची संस्था निघाली त्याच वर्षी. न्गोरमध्येच आणखी एक पोथी होती, विद्याकर नावाच्या बंगालमधल्या भिक्षूनं जमवलेला संस्कृत सुभाषितांचा संग्रह. ‘सुभाषितरत्नकोश’ म्हणून तो १९५७ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत आला. संपादक दामोदर धर्मानंद कोसंबी आणि हेच गोखले. भिक्षूनं जमवलेल्या सतराशेहून अधिक श्लोकांत बुद्धाबद्दलचे थोडे आणि प्रेमाबद्दलचे पुष्कळ, आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती मार्क्सवादी गणितज्ञानं.

त्या गणितज्ञाचे वडील या सगळ्याच्या मुळाशी आहेत. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी घर सोडून निघाले आणि १९०० च्या सुमारास काशीत पोचले. अन्नछत्रात जेवायचं आणि गंगाधरशास्त्री तैलंगांकडे संस्कृत शिकायचं, अशी दोनेक वर्षं काढली. हेतू एकच, बौद्ध धर्म मुळातून समजून घ्यायचा. गंमत अशी की तेव्हाच्या सारनाथात समजून घेण्यासारखं फार काही जमिनीवर नव्हतं. धामेक स्तूप उभा होता, पण सिंहशीर्ष मातीखाली होतं, ते १९०५ मध्ये निघालं. संग्रहालय नव्हतं, विहार नव्हते, छपरावर हरणं नव्हती. काशीत बौद्ध धर्म शिकवणारा कुणी नव्हता. १९०२ मध्ये ते नेपाळात गेले, तिथे निराश झाले, तिथून बोधगया, कलकत्ता, आणि शेवटी सिंहलद्वीप. पालीचं दार त्यांना तिथे उघडलं. पुढे सयाजीरावांनी महाराष्ट्रात राहून लिहावं म्हणून त्यांना महिना पन्नास रुपये दिले. फर्ग्युसनमध्ये त्यांनी पाली शिकवली. त्यांच्या विद्यार्थ्यांत पु. वि. बापट होते.

बापटांचं काम आज फार कुणाला माहीत नाही, पण माझ्या प्रश्नाला सर्वांत जवळचं तेच. त्यांनी हाती घेतला ‘विमुत्तिमग्ग’. त्याचं पाली मूळ हरवलेलं, सबंध ग्रंथ फक्त चिनी भाषांतरात. बापट चिनी शिकले आणि १९३७ मध्ये विमुत्तिमग्ग आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांची तुलना प्रसिद्ध केली. विसुद्धिमग्ग हा गुरूंचा ग्रंथ, धर्मानंदांनी त्याच्या संपादनावर हार्वर्डमध्ये वर्षं घालवली होती. विमुत्तिमग्गातलं धुतांगांवरचं एक प्रकरण तिबेटीत उरलं होतं, म्हणून बापटांनी तिबेटीवरही काम केलं आणि १९६४ मध्ये ते प्रकरण संपादून छापलं. त्यांच्या जागी मी असते तर पालीत परत आणायचा मोह मला आवरला नसता, पाली त्यांना काही कमी येत नव्हती. त्यांनी तिबेटी पाठ ठेवला, त्याचं इंग्रजी दिलं आणि जे जिथे जुळतं तेवढं दाखवलं.

सारनाथनं मात्र मूळ भाषेत आणण्याचं धाडस केलं, आणि त्याची परीक्षाही झाली. ‘विमलकीर्तिनिर्देश’ हे महायानातलं सर्वांत नाट्यपूर्ण सूत्र. वैशालीचा एक गृहस्थ आजारी पडतो आणि त्याला भेटायला जायला बुद्धाचे मोठमोठे शिष्य कचरतात, कारण हा गृहस्थ वादात कुणालाच सोडत नाही. संस्कृतात उरली होती ती इतर ग्रंथांतली काही उद्धृतं. १९८१ मध्ये सारनाथहून भिक्खू पासादिक आणि लालमणी जोशी यांनी तिबेटी पाठ, संस्कृत पुनरुद्धार आणि हिंदी भाषांतर असं एकत्र पुस्तक काढलं. अठरा वर्षांनी, १९९९ मध्ये, टोकियोच्या ताइशो विद्यापीठाच्या अभ्यासकांना ल्हासाच्या पोताला राजवाड्यात त्याचं संस्कृत हस्तलिखित सापडलं. सांस्कृतिक क्रांतीत तिबेटातल्या विहारांचं आणि पोथ्यांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. आणि तरी तिथेच, राजवाड्यात, ही पोथी टिकली होती.

त्या विद्यार्थ्याला मी विचारलं, मग १९८१ चं पुस्तक आता कशाला ठेवायचं? मूळ मिळालं ना?

तो चटकन म्हणाला, “ते हरवलं होतं तेव्हाचं आहे ते.” आणि मग जरा थांबून, “मूळ सापडलं म्हणून इतरांचं तपासता येतं. बाकीच्या हजारो ग्रंथांचं मूळ सापडणार नाही. ते काम याच पद्धतीनं होणार. मग पद्धत किती बरोबर येते, किती चुकते, हे कुठे बघणार?”

निघताना त्यानं मला भिंतीवरची एक थांगका दाखवली. तारा होती, हिरवी. थांगका पूर्ण झाली की तिच्या मागच्या बाजूला, देवतेच्या कपाळाच्या, कंठाच्या आणि हृदयाच्या बरोबर मागे, ओम्, आः, हूं ही अक्षरं लिहितात. त्याशिवाय ते नुसतं चित्र. संग्रहालयात ती भिंतीला टेकून असते, त्यामुळे अक्षरं आहेत की नाहीत ते बघणाऱ्याला कळत नाही. मी उगीचच वाकून कडेनं बघायचा प्रयत्न केला. काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठठेरी बाजारात गेले. चौकाजवळची ही पितळेची गल्ली. दुकानदाराला म्हटलं, पितळेची लहान भांडी दाखवा. त्यानं ओळीनं मांडली आणि बहुतेक सगळ्यांना लोटाच म्हणाला. शेवटी त्यानं एक अगदी छोटं, तोंड डाख देऊन बंद केलेलं भांडं ठेवलं. गंगाजळी. काशीहून येणारं प्रत्येक मराठी माणूस घरी घेऊन यायचं ती.

अंगावर काटा आला. गंगाजळी म्हणजे गंगेचं पाणी भरलेलं हे भांडं आणि गंगाजळी म्हणजे अडीअडचणीसाठी राखलेली शिल्लक. आत्याआजी आपली शिल्लक लहान पितळेच्या भांड्यात ठेवायची. वहीत तिनं हाच शब्द लिहिला असणार, दोन्ही अर्थांनी, आणि मी त्याचं ‘स्मॉल ब्रास पॉट’ करून टाकलं! दुकानात उभ्या उभ्याच माझं वाक्य तयार झालं होतं. चांगलं वाक्य होतं. आत्याआजी फार हजरजबाबी होती, तिला शोभलं असतं.

घाटापर्यंत येईतो ते वाक्य मला जड झालं. डाख देऊन बंद केलेल्या भांड्यात पैसे ठेवणार कसे आणि काढणार कसे? आणि समजा तोंड उघडं होतं, तरी २००३ मध्ये मराठीच्या एका विद्यार्थिनीनं ‘गंगाजळी’ हा शब्द वाचून त्यातला श्लेष न ओळखता पुढे जावं, इतकी मी निर्बुद्ध नव्हते. ओळखला असता तर त्यावर पानभर लिहिलं असतं. तो शब्द वहीत नव्हता. तो काल-आजच्यातला माझा होता.

रात्री खोलीवर सत्तावन्न पानं काढली आणि पहिल्यांदाच कामाला बसले. वर लिहिलं: इंग्रजी भाषेत, आणि माझ्या प्रकल्पाचं शीर्षक. खाली: मराठी भाषेत, आणि पुढची जागा मोकळी, कारण आत्याआजीनं वहीवर नाव घातलं नव्हतं. खाली सांगणारीचं नाव, मग माझं, दोनदा, २००३ आणि आत्ताचं साल. दहा वाजता मावसबहिणीचा फोन आला.

“सुरू केलंस? वाच ना काहीतरी.”

मी शिल्लक ठेवण्याच्या चार ओळी वाचल्या. पितळेचं लहान भांडं, असं वाचलं.

“भांडं?” ती म्हणाली. “अगं, आत्याआजी असं म्हणायची?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग काय म्हणायची?”

“तुला आठवतंय का?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “थांब, आईला उठवते.”